खळ्यातल्या उन्हावर हक्क कोणाचा?

पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. ऊन मात्र कोणी अडवणार नाही, असा आपला समज होता. तो आता सोडून द्यावा लागेल.

दापोली तालुक्यातील मुरुड. जंजिऱ्याचे मुरुड वेगळे. हे महर्षी कर्वे यांचे मुरुड. नारळी-पोफळीच्या बागा, किनारा आणि जवळच हर्णै बंदर. पर्यटक वाढले तशी लॉज, रिसॉर्ट आणि बंगले वाढले. त्यातून चार पोरांना काम मिळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गेल्या हिवाळ्यात त्या भागातील एक वृद्ध भगिनी माझ्याकडे आल्या. त्यांच्या घराच्या दक्षिणेला मजल्यावर मजला चढला होता. "जयभीम साहेब," त्या म्हणाल्या, "खळ्यात भात सुकत नाही, जवळ्याला बुरशी येते. भरदिवसा घरात बल्ब लावायला लागतो. आता ऊन पण इकत घ्यायचं काय?"

बांधकाम करणाऱ्याचे उत्तर तयार होते. जागा माझी, परवानगी माझ्याकडे, तुमच्या हद्दीत माझी एक वीटही नाही. वीट नव्हती, हे खरेच. सावली होती. आणि सावलीचा पंचनामा कोणी करत नाही.

कायदा काय सांगतो ते पाहू. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या कलम १५ नुसार एखाद्या इमारतीला सलग २० वर्षे निर्वेधपणे उजेड व हवा मिळत असेल, तर तो हक्क पक्का होतो. ज्या जागेवरून उजेड येतो ती सरकारी असेल, तर ही मुदत ३० वर्षांची. पण हाच कायदा कलम १७ मध्ये दुसरीही गोष्ट सांगतो. मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या उजेडाचा हक्क असा वहिवाटीने मिळत नाही. म्हणजे खिडकीला संरक्षण आहे, खळ्याला नाही! ज्यांचे आयुष्य चार भिंतींच्या आत चालते, त्यांच्यासाठी हा कायदा पुरेसा असेल. ज्यांचे भात, सुकट, गोधड्या आणि तान्ही मुले खळ्यातल्या उन्हावर वाढतात, त्यांचा विचार त्यात नाही.

खिडकीच्या हक्कालाही फटी आहेत. रमाई आवास योजनेतील घरकुले २००८ नंतरची. घर नव्या जागेवर बांधलेले असेल तर त्याच्या खिडकीची २० वर्षे अजून भरलेली नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली तालुक्यातील अनेक घरे पडली. अशा कुटुंबांनी कलम ५१ लक्षात ठेवावे. पडलेले घर २० वर्षांच्या आत त्याच जागी, शेजाऱ्यावर जास्तीचा भार न टाकता बांधले, तर जुना हक्क पुन्हा जिवंत होतो. मात्र खिडकी पूर्वी होती आणि कोठे होती, हे सिद्ध करावे लागते. पुरावा कोण ठेवतो?

आता सावलीचा हिशेब. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही, एक काठी पुरते. मुरुडला २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य माथ्यावर येतो तो साडेबारानंतर. तेव्हाही तो दक्षिणेला इतका कललेला असतो की मीटरभर काठीची सावली सुमारे ८८ सेंटीमीटर पडते. त्याच दिवशी सकाळी नऊला ती काठीच्या दुपटीहून लांब असते. म्हणजे १२ मीटर उंचीची इमारत भर दुपारी उत्तरेकडे साडेदहा मीटर सावली टाकते. गरिबाचे खळे असते तरी केवढे? उलट मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि दुपारची सावली पायाखाली जाते. अधिकारी मे महिन्याच्या दुपारी पाहणीला आले, तर तक्रार खोटी ठरणार. म्हणून पाहणी डिसेंबरातच मागितली पाहिजे.

ज्या इंग्रजांकडून उजेडाचा हा कायदा आपल्याकडे आला, ते स्वतः पुढे गेले. तेथील बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने १९९१ साली उजेड व ऊन मोजण्याची मार्गदर्शिका काढली. २०२२ साली तिची तिसरी आवृत्ती आली. तो कायदा नव्हे. पण नवी इमारत शेजाऱ्यांचा उजेड अडवील असे दिसले, तर परवानगी देताना त्या पद्धतीने केलेला अहवाल पाहिला जातो. शेजाऱ्याच्या बागेचा निम्मा भाग २१ मार्चला निदान दोन तास उन्हात राहतो का, हेही त्यात तपासतात. तेथे बाग, येथे खळे. आपल्याकडे किनाऱ्यावर भरतीरेषेपासूनचे अंतर मोजतात, हद्दीपासूनचे अंतर मोजतात. पण नेहमीच्या परवानगीत शेजाऱ्याच्या खळ्यावर सावली किती पडेल, हे कोणी विचारत नाही.

ही चैनीची मागणी आहे, असे कोणाला वाटेल. त्यांनी मुंबईकडे पाहावे. आपल्या कोकणातील घरटी एक माणूस तेथेच असतो. गोवंडी-मानखुर्द भागात विस्थापितांसाठी बांधलेल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरची फट आहे. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेचा अभ्यास २०१८ साली पुढे आला. जेथे उजेड आणि हवा कमी, तेथे क्षयरोग जास्त, असे त्यात दिसले. खालच्या मजल्यांवरचे लोक अधिक भरडले गेले होते. पुनर्वसनाच्या इमारतींसाठी अंतराचे नियम शिथिल केले, ते गरिबांना घर मिळावे म्हणून, असे सांगितले गेले. घर मिळाले. ऊन काढून घेतले.

सर्वोच्च न्यायालयाने चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात १९९५ साली निवाऱ्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कात धरला आणि त्या निवाऱ्यात पुरेसा उजेड व शुद्ध हवा यांचाही समावेश केला. ती जमीन अनुसूचित जातींच्या घरांसाठीच संपादित होत होती, हे विसरता येणार नाही. नुसते छप्पर म्हणजे घर नव्हे, हे न्यायालयाने मान्य केले आहे. ते परवानगीच्या टेबलापर्यंत पोचलेले नाही.

तेव्हा आपण काय करायचे? घराच्या प्रत्येक खिडकीचा आणि खळ्याचा तारखेसह फोटो काढून ठेवा. घरपट्टीच्या पावत्या व नमुना आठचा उतारा जपा. घराचे वय त्यावरून ठरते. शेजारी जोते दिसताच माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशा मागा आणि लेखी हरकत द्या. अडथळा कळूनही एक वर्ष गप्प बसलात, तर २० वर्षांची साखळी तुटते. आणि ग्रामसभेत ठराव आणा: दोन मजल्यांहून उंच बांधकामाच्या अर्जासोबत २२ डिसेंबरच्या सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि तीन वाजताच्या सावलीचा नकाशा जोडावा. असा ठराव झाला म्हणून परवानगी आपोआप अडणार नाही. पण सावली पहिल्यांदा कागदावर येईल, आणि कागदावर आलेल्या गोष्टीवरच कोर्टात भांडता येते.

त्या भगिनींचा दावा मी दाखल करणार आहे, तो खिडकीसाठी. खळ्यासाठी कायद्यात आज कलम नाही. ते कलम मागणे हे एकट्या वकिलाचे काम नाही, सगळ्या वाडीचे आहे.