घासायला उरलंय काय?

लोणी काळभोरच्या तेल डेपोंकडे वळणारे टँकर महामार्गाच्या कडेला रांग लावून उभे आहेत. रांग थोडी सरकते, थांबते, आणि प्रत्येक थांब्याला हवेच्या ब्रेकचा फुस्सकन आवाज येतो. त्यांच्या अलीकडे पत्र्याची शेड. शेडमध्ये एक जुनी काळी स्कॉर्पिओ. पुढची दोन्ही चाकं काढलेली, चेसीखाली दोन लोखंडी घोड्या, मागच्या चाकांना दगड. नवं पोरगं जॅकवरच गाडी ठेवून आत हात घालायला निघालं होतं, त्याला मिस्त्री दरडावतोय, "जॅक उचलायला असतो रे. गाडी पेलायला घोडी."

गाडीचे मालक अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेत. सोरतापवाडीला त्यांची रोपवाटिका आहे. स्कॉर्पिओ हे मॉडेल महिंद्रानं २००२ साली बाजारात आणलं; अण्णांची त्यानंतर सहा-सात वर्षांनी घेतलेली. पंधरा वर्षं भरली तेव्हा पासिंग करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली आहे. गाडी घरच्या माणसांसाठी घेतली, पण मागच्या दोन आडव्या सीट कधीच निघाल्या. तिथं आता रोपांचे क्रेट आणि मातीच्या गोण्या असतात. उरुळी कांचनहून शिंदवणे घाटानं जेजुरीकडे माल पोचवायचा, येताना तिकडून काहीबाही भरून तोच घाट उतरायचा, असा या गाडीचा संसार.

तक्रार एकच. "ऐंशीला ब्रेक मारला की स्टेअरिंग हातात नाचतं. चाळीसच्या खाली आली की गप्प."

"डिस्क बेंड झाली असणार," शेजारचा टायरवाला निकाल देऊन मोकळा होतो.

मिस्त्री मान वर न करता म्हणतो, "बिडाची डिस्क आहे. बीड वाकतंय होय? तुटतं."

मला हे उत्तर आवडतं, कारण ते बव्हंशी बरोबर आहे. गॅरेजांत ज्याला 'बेंड' म्हणतात ती बहुतेक वेळा जाडीतली तफावत असते. घाट उतरून डिस्क तापलेली असते, खाली आल्यावर वाहतुकीत अडकून ब्रेकवर पाय दाबून उभं राहावं लागतं, आणि पॅडचा मसाला त्या एका जागी डिस्कला चिकटतो. मग तिथली पकड वेगळी, तिथली झीज वेगळी. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतला फरक, पण प्रत्येक फेऱ्याला पॅड त्यावर आपटतो आणि तो धक्का स्टेअरिंगपर्यंत येतो. उष्णता किती, याचा हिशोब सोपा आहे. भरलेली अडीच टनांची गाडी ताशी ऐंशी किलोमीटरवरून थांबवायची तर सहाशे किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. तेवढ्यात दोन लिटर पाण्याला आधण येईल. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कच्या माथी, कारण ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढं येतं. मागं या गाडीला ड्रमच आहेत.

"लेथला लावून आण की," अण्णा म्हणतात. "मागच्या वेळी फेसिंग केलं होतं, सहा महिने मस्त चालली."

"कुणी केलं?"

"होता एक जण."

"मोजलं होतं?"

अण्णा गप्प. मिस्त्री वायर ब्रश घेऊन उजव्या डिस्कचा गंज खरवडतो. गंजाखालून कोरलेली इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा वर येतो: किमान जाडी. डिस्कवर हा आकडा कारखान्यातूनच येतो, आणि गाडीवाल्यांपैकी फार थोड्यांनी तो कधी पाहिलेला असतो. डिस्क याच्याखाली गेली की ती उष्णता पोटात धरू शकत नाही, लवकर तापते, तडकण्याची भीती वाढते, पिस्टनही नको तितका बाहेर येतो.

आता मोजायचं. व्हर्नियर सरळ लावला तर आकडा खोटा येतो, कारण पॅड जिथं पोचत नाही तिथं बाहेरच्या कडेला न झिजलेला काठ उरलेला असतो आणि व्हर्नियरचे जबडे त्या काठावरच अडतात. मिस्त्री खिशातून रुपयाची दोन सारखी नाणी काढतो. आधी दोन्ही एकत्र मोजतो, मग डिस्कच्या दोन बाजूंना काठाच्या आत एकेक धरून वरून व्हर्नियर लावतो आणि नाण्यांची जाडी वजा करतो. पोरगं खडूनं फरशीवर आकडे लिहितंय. डिस्क फिरवत फिरवत आठ ठिकाणी मापं घेतात. उजवी किमान जाडीच्या पाऊण मिलिमीटर खाली. डावी आकड्याच्या जेमतेम वर, लेथला लावली की तीही खाली जाणार.

"अण्णा, घासायला उरलंय काय?"

अण्णा उठून स्वतः फरशीवरचे आकडे वाचतात. मग नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात फोन लागतो.

पण मला खरी गंमत वाटते ती पॅडची. उजव्या बाजूचा बाहेरचा पॅड अजून चांगला जाड आहे, आतला लोखंडी पट्टीपर्यंत गेलाय. आतल्या बाजूनं डिस्कवर खोल चरे. मिस्त्री कॅलिपर हातात धरून हलवतो. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकायला हवा त्यातली खालची पीन जाम. तिचा रबरी बूट फाटलाय, आत पाणी आणि माती, ग्रीसचा पत्ता नाही. पिस्टन आतल्या पॅडला दाबतात, पण कॅलिपरच सरकत नसल्यामुळे बाहेरचा पॅड नुसताच बसून राहतो, आणि सगळी मजुरी आतला करतो. ही पीन अशीच ठेवून कितीही महागाच्या डिस्क घातल्या तरी पुन्हा हेच होणार होतं. मागच्या फेसिंगनंतर सहाच महिने का चालली, त्याचं उत्तर या पिनेत आहे.

पोरगं हवेचा पाइप घेऊन येतं. "हवा मारू नको!" मिस्त्री ओरडतो. ब्रेकची धूळ नाकात जाऊ द्यायची नाही. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं, आणि स्वस्तातल्या मालात काय असतं ते वेष्टनावर लिहिलेलं नसतं. ओल्या फडक्यानं पुसायचं, झालं.

दीड तासानं मोटरसायकलवर डिस्क येतात. दोन डिस्क, पॅडचा पूर्ण सेट, पिनांचं किट, हबची सीलं. दुकानदारानं भोकं पाडलेल्या डिस्कही सुचवल्या होत्या, 'स्पोर्ट' म्हणून. मिस्त्रीनं फोनवरच उडवून लावलं. मातीच्या गोण्या वाहणाऱ्या गाडीला भोकांच्या डिस्क म्हणजे तडे जायला आयती जागा. माझंही मत तेच.

या गाडीत डिस्क हबला आतून बोल्टांनी बांधलेली असते, त्यामुळे हबच उतरवावा लागतो. बेअरिंग बाहेर येतात, डिझेलमध्ये धुतली जातात, बोटानं एकेक रोलर तपासला जातो. हबची बसायची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत. गंजाचा एक कण तिथं राहिला तर डिस्क तिरकी बसते आणि कडेला तो तिरकेपणा वाढून दिसतो. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरनं पुसून काढतात. बेअरिंगांत नवं ग्रीस, नवं सील, नट आवळत हब फिरवायचा आणि मग किंचित सैल सोडायचा. शेवटी लोहचुंबकाच्या बैठकीचा डायल गेज. डिस्क सावकाश फिरते, काटा पाच शतांश मिलिमीटरच्या आत हलतो. या शेडमध्ये डायल गेज असेल असं मला वाटलं नव्हतं. पाटी रंगवून 'ब्रेक स्पेशालिस्ट' लिहिणाऱ्या निम्म्या लोकांकडे तो नसतो.

सी-क्लॅम्पनं पिस्टन मागं ढकलायच्या आधी मिस्त्री वरच्या टाकीतलं थोडं ऑइल काढून घेतो, नाहीतर ते उतू जातं आणि जिथं सांडेल तिथला रंग खातं. ऑइल काळपट आहे. "कधी बदललं?" या प्रश्नाला अण्णांकडे उत्तर नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-४ ऑइल २३० अंशांच्या खाली उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५पर्यंत उतरते. घाटात ते उकळलं की नळीत वाफ धरते, पॅडल मऊ होऊन खाली जातं आणि गाडी पुढेच जाते. म्हणून ऑइल सगळंच बदलायचं, आणि सीलबंद डब्यातलं.

मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. पोरगं सीटवर, मिस्त्री खाली निपलला पारदर्शक नळी लावून.

"दाब. धर. धरलं का?"

"धरलं."

निपल सैल, नळीत काळं ऑइल आणि बुडबुडे, निपल बंद. "सोड." पुन्हा. चार चाकं अशी होतात. अण्णांना वेळ चाललाय असं वाटतंय, ते दोनदा घड्याळ पाहतात. मिस्त्री पाहत नाही.

चाकं चढतात, नट समोरासमोरचे आवळले जातात, जमिनीवर गाडी आल्यावर टॉर्क पान्यानं शेवटचा हात. अण्णा चावी घेऊन आत बसायला निघतात, तर मिस्त्री दारात आडवा. "थांबा. आधी पॅडल." पिस्टन मागं ढकललेले असतील तर पहिला पाय थेट तळाला जाऊ शकतो; गॅरेजमधून बाहेर पडतानाच समोरच्या भिंतीला ठोकलेल्या गाड्या मी ऐकून आहे. मिस्त्री पाच-सहा वेळा पॅडल मारतो, ते वर येऊन टणक होतं, मगच इंजिन सुरू.

मी मधल्या सीटवर. थेऊर फाट्यावरून आत वळल्यावर रस्ता मोकळा सापडतो. मिस्त्री साठचा वेग घेतो, मागं पाहतो, दमदार ब्रेक लावून वीसवर आणतो, पूर्ण थांबत नाही, पुन्हा साठ. मध्ये थोडं अंतर नुसतंच चालवतो, डिस्क थंड व्हायला. असं सात-आठदा. पॅडचा वास येतो, तो येणारच. "नव्या पॅडचा मसाला डिस्कवर सारखा बसला पाहिजे," तो सांगतो. "पहिले तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक नको. आणि घाट उतरताना गिअर खालचा ठेवा, अण्णा. ब्रेकवर गाडी लोंबकळत ठेवू नका." येताना गाडी अण्णा चालवतात. महामार्गावर ऐंशीवरून ब्रेक लागतो. अण्णांचे दोन्ही हात आता स्टेअरिंगवर आहेत आणि ते काहीच बोलत नाहीत, म्हणजे स्टेअरिंग हलत नाहीये.

शेडसमोर एक पिकअपवाला थांबलाय. त्याच्या डाव्या चाकातून खरखर येतेय. "त्या एकाच बाजूची डिस्क टाक, लगेच भाडं घ्यायचंय."

"दोन्ही बदलायच्या असतील तर गाडी आत घे," मिस्त्री म्हणतो. "एकीकडं नवी, एकीकडं जुनी झाली की ब्रेक मारल्यावर गाडी ओढते."

पिकअपवाला भाव विचारतो, घासाघीस करतो, पुढच्या गॅरेजचं नाव घेतो. मिस्त्री हात पुसून त्याला पुढच्या गॅरेजचा रस्ता दाखवतो. एका बाजूची डिस्क बदलायचं काम ही शेड घेत नाही.