टीव्हीवरचा बिबट्या आणि आमच्या उसातला वाघ

आजचा भाग जरा चिडचिडीचा आहे, आधीच सांगून ठेवते. विषय आहे टीव्हीवर दिसणारा बिबट्या, आणि तो बघून माझं डोकं का फिरतं.

परवा रात्री ठाण्याच्या आत्याचा फोन. "अगं, तुमच्या जुन्नरला बिबट्यांनी नुसता धुमाकूळ घातलाय म्हणे! दारं लावून बसा." आम्ही आपले निवांत जेवत होतो. टीव्ही लावला तर लाल पट्टी, धडाड-धडाड म्युझिक आणि काही सेकंदांची एक क्लिप. बिबट्या रस्त्याच्या कडेनं चाललाय, त्याच्याभोवती लाल गोल, वर बाण. तीच क्लिप आधी साधी, मग स्लो मोशनमध्ये, मग अर्ध्या स्क्रीनवर. गाव कुठलं, व्हिडिओ कधीचा, पुढं काय झालं? एक अक्षर नाही.

आता गैरसमज नको. भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आसपास तीन जीव गेले, त्यात लहान मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक हायवे अडवला. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चारही तालुके जुन्नर वनविभागात येतात, म्हणजे ते दुःख आमच्याच घरातलं. आणि म्हणूनच राग येतो. इतका मोठा प्रश्न, आणि टीव्ही त्याचा सिनेमा करतो.

तक्रार पहिली: "मानवी वस्तीत शिरला"

हे वाक्य ऐकलं की वाटतं, बिबट्या लांबच्या जंगलातून वाट चुकून आलाय. तसं नाहीये. कुकडी प्रकल्पाची धरणं बघा: माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे. धरणं आली, कालवे आले, कालव्यांमागं ऊस आला. ऊस बारा-चौदा महिने उभा राहतो. आत गारवा, पाणी आणि लपायला जागा. बाहेर मोकाट कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्याला अजून काय पाहिजे? मादी उसातच विते, पिल्लं उसातच वाढतात. त्यातल्या कित्येकांनी जंगल बघितलेलंच नसतं. तो कुठं "शिरत" नाही, तो इथलाच आहे. गावातली जुनी माणसं अजूनही त्याला "वाघ" म्हणतात, आणि पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते. त्याच्याशी आपली ओळख टीव्हीच्या कितीतरी आधीची आहे.

तक्रार दुसरी: पिंजरा म्हणजे शेवट गोड

बातमीचा शेवट ठरलेला. पिंजऱ्यात बिबट्या गुरगुरतोय, बाजूला गर्दी, खाली पट्टी: "अखेर जेरबंद! गावकऱ्यांनी सोडला सुटकेचा निःश्वास." पिंजरा कॅमेऱ्यात छान दिसतो हो. पण पुढं काय?

हा प्रयोग आपल्याकडंच होऊन गेलाय. 2001 ते 2003 च्या दरम्यान जुन्नर भागात मोठ्या संख्येनं बिबटे पकडले आणि त्यातले बरेच दुसरीकडं जंगलात नेऊन सोडले. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तो 2011 मध्ये छापून आला. त्यात काय दिसलं? आधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते 17 वर गेले. हल्ल्यात मरणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं.

असं का होतं? जरा विचार करा. बिबट्याचा स्वतःचा इलाका असतो. पाणवठा कुठं, शिकार कुठं, माणसं किती वाजता कुठून जातात, सगळं त्याला पाठ असतं, म्हणून तो आपल्याला टाळू शकतो. त्याला उचलून अनोळखी ठिकाणी सोडलं की तो बावचळतो. आणि इकडं त्याची रिकामी जागा दुसरा बिबट्या येऊन घेतो. म्हणजे दोन्हीकडं घोळ.

माणसावर हल्ला करणारा बिबट्या पकडायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पकडलेल्यांसाठी माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, पण तिथली जागा कधीतरी संपणारच ना? नुसता दिसला म्हणून प्रत्येकाला पिंजरा लावा, ही मागणी टीव्हीनं आपल्या तोंडात बसवलीये.

तक्रार तिसरी: पिल्लाबरोबर सेल्फी

ही टीव्हीची आणि आपलीही. ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. लगेच कोणीतरी उचलून घेतं, मोबाईल निघतात, स्टेटस पडतात, संध्याकाळी तेच टीव्हीवर "गोंडस पाहुणे" म्हणून. अरे, त्याची आई शेजारच्याच फडात असते! पिल्लं हलवली तर ती रात्रभर शोधत वस्तीजवळ फिरते, चिडलेली असते. बरोबर पद्धत अगदी साधी आहे: हात लावायचा नाही, वनविभागाला कळवायचं. ते पिल्लं तपासतात, अंधार पडताना जिथं सापडली तिथंच ठेवतात आणि लांबून लक्ष ठेवतात. आई येते, मानगुटीला धरून एकेक पिल्लू घेऊन जाते. आपल्या भागात हे कितीतरी वेळा झालंय.

मग टीव्हीवर काय दिसत नाही?

माझा चुलत भाऊ ऊस भरायला रात्री जातो. कारण थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्री दोन वाजता मोटार चालू करायची, वाकून दारं धरायची, चहूबाजूनी ऊस. मी त्याला ती लाल गोलवाली क्लिप दाखवली. तो म्हणाला, "वाघ मला माहितेय गं. ह्यांना म्हणावं, आमच्या लाईटचं टाईमटेबल दाखवा की टीव्हीवर."

खरी बातमी ती आहे. दिवसा वीज, वस्तीवर उजेड, गावाबाहेर पडणारा कचरा आणि त्यावर पोसलेली कुत्री, दारं बंद होणारे गोठे. पण यातलं काहीच गुरगुरत नाही, मग दाखवणार काय?

दादाकडून शिकलेल्या आणि वनविभागवाले नेहमी सांगतात त्या गोष्टी सांगते. अंधारात एकटं जायचं नाही. बॅटरी हवी, मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावायची. उसाच्या कडेला वाकून किंवा बसून राहायचं टाळायचं, कारण वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. पोरांना अंधार पडल्यावर अंगणात एकटं सोडायचं नाही. दिसलाच तर पळायचं नाही, पाठलाग तर मुळीच नाही, त्याला जायला वाट द्यायची. आणि वनविभागाची हेल्पलाईन, 1926, आत्ताच सेव्ह करा.

अजून एक काम खास तुमच्या-माझ्यासाठी, कारण आता टीव्हीपेक्षा मोबाईल भारी झालाय. बिबट्याचा व्हिडिओ आला की दोन प्रश्न विचारा: गाव कुठलं, तारीख कोणती? उत्तर नसेल तर पुढं ढकलू नका. एआयनं बनवलेले बिबटे पण फिरायला लागलेत. दहा खोटे व्हिडिओ बघितले की अकराव्या खऱ्या इशाऱ्याकडं कोणी बघत नाही, आणि त्या रात्री कोणीतरी पाणी धरायला गेलेलं असतं.

आत्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं बाई. पण दादाला म्हणावं, जपून जा." तेवढं मात्र तिनं टीव्हीपेक्षा चांगलं सांगितलं.

तुमच्या गावात रात्रीची लाईट किती वाजता येते, मला व्हॉइस मेसेजवर सांगा. पुढच्या भागात ऐकवते. चला, भेटू!