सहा दुव्यांचे जग आणि इंद्रावतीचा काठ

जगातील कोणतीही दोन अनोळखी माणसे परिचितांच्या अवघ्या सहा दुव्यांनी जोडलेली असतात, हे विधान इतके सर्वतोमुखी झाले आहे की तो प्रयोगाने सिद्ध झालेला नियम आहे, असाच बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः या कल्पनेचा उगम ललित साहित्यात आहे. हंगेरियन लेखक फ्रिग्येश कारिंथी यांनी 1929 मध्ये ती एका कथेत मांडली, आणि जॉन ग्वेअर यांच्या 1990 च्या नाटकाने ‘सहा’ हा आकडा घरोघरी पोहोचवला. दरम्यान स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तिची परीक्षा घेतली. नेब्रास्का आणि बॉस्टन येथील 296 व्यक्तींना बॉस्टनमधील एका शेअर दलालाचे नाव देऊन, तो ओळखीचा नसल्यास त्याच्या अधिक जवळ असेल अशा परिचिताकडे कागदपत्रे पाठवण्यास सांगण्यात आले. जेफ्री ट्रॅव्हर्स यांच्यासह 1969 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी 217 जणांनी ती पुढे पाठवली आणि 64 साखळ्या दलालापर्यंत पोहोचल्या. मध्यस्थांची 5.2 ही सरासरी केवळ या 64 साखळ्यांची आहे. वाटेत तुटलेल्या 153 साखळ्या तिच्या हिशेबातच नाहीत.

दुसरा समज अंकगणितातून येतो. प्रत्येकाचे शंभर परिचित धरले, तर पाच टप्प्यांत 1000 कोटी माणसे गाठता येतात, म्हणून जग लहान असणारच, असे सांगितले जाते; परंतु हा हिशेब प्रत्येकाचे शंभर परिचित वेगवेगळे आहेत असे गृहीत धरतो, आणि एखाद्या लहान गावात तर सर्वांचे परिचित बहुतांशी तेच असतात. डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी 1998 मध्ये गणिताने दाखवले ते याहून सूक्ष्म आहे: घट्ट गुंतलेल्या, आपसांतच फिरणाऱ्या ओळखींच्या जाळ्यात दूरवर जाणारे अगदी थोडे दुवे मिसळले, तरी संपूर्ण जाळ्यातील अंतरे एकदम घटतात.

हे लक्षात घेतले, म्हणजे गडचिरोली आणि चंद्रपूरच्या अरण्यातील गावे या साखळीबाहेर आहेत, हा सर्वांत खोल रुजलेला समज तपासता येतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे खरे. पण रस्त्याचे तुटणे आणि नात्यांचे तुटणे या भिन्न गोष्टी आहेत. गोंड आणि माडिया समाजांत कुळे चार, पाच, सहा, सात अशा देवसंख्येच्या गटांत विभागलेली असून एकाच गटात विवाह निषिद्ध मानला जातो, त्यामुळे सोयरीक अनेकदा आपल्या गावाबाहेर शोधावी लागते आणि इंद्रावती ही राज्याची सीमा असली तरी नातेसंबंध तिच्या पलीकडे बस्तरपर्यंत पसरलेले आहेत. सिरोंच्याकडे तेलुगू भाषकांशी, चामोर्शी आणि मुलचेरा परिसरात पुनर्वसित बंगाली कुटुंबांशी, तर दिल्ली–चेन्नई लोहमार्गावरील बल्लारशाह आणि तेथील कागद गिरणी व कोळसा खाणींच्या पट्ट्यात देशाच्या अनेक प्रांतांतून आलेल्या कामगारांशी येथील माणसांचा संबंध येतो. वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांना अभिप्रेत असलेले दूरगामी दुवे ते हेच.

अशा दुव्यांत जवळचे आप्तच उपयोगी पडतात, असेही मानले जाते. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये याच्या उलट बाजूकडे लक्ष वेधले: आप्तांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते, तर क्वचित भेटणारा माणूस वेगळ्या वर्तुळातील बातमी आणतो. आठवडी बाजारात मीठ आणि कापड विकणारा व्यापारी किंवा तेंदू हंगामात येणारा कंत्राटदाराचा माणूस हे असे विरळ परंतु महत्त्वाचे परिचित होत. अर्थात अशा दुव्यावर बसलेला माणूस माहिती पुढे नेऊ शकतो तसा अडवूही शकतो, आणि वनोपजाच्या व्यवहारात भाव ठाऊक असणारा एकटाच असतो तेव्हा ओळख शोषणाचेही साधन होते.

साखळी आखूड आहे म्हणजे पोहोच आहे, हा उरलेला समज सर्वाधिक हानिकारक म्हणावा लागेल. फेसबुकने 2011 मध्ये 72 कोटी वापरकर्त्यांत सरासरी 4.74 टप्प्यांचे अंतर मोजले, पण ते संपूर्ण नकाशा समोर असलेल्या संगणकाने. साखळीतील माणसाला केवळ स्वतःचे परिचित दिसतात. वॉट्स यांच्या गटाने 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ईमेल प्रयोगात 24,163 पैकी 384 साखळ्याच पूर्ण झाल्या, आणि पुढे पाठवण्यास योग्य परिचित सुचला नाही, असे सांगणारे फारच थोडे निघाले.

गडचिरोलीतील नवजात बालकांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत आरोग्यदूत प्रशिक्षित करून घरोघरी नवजातसेवा दिली, आणि नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. बाळंतीण, आरोग्यदूत, डॉक्टर, संपादक, धोरणकर्ते अशी ही साखळी मोजली, तर ती पाच जणांतच संपते, आणि प्रत्येक दुवा प्रत्यक्षात अस्तित्वात होता. तरीही आशा कार्यकर्त्यांमार्फत घरपोच नवजातसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू व्हायला 2011 साल उजाडले.