वाफसा थांबत नाही : जुन्या ट्रॅक्टरची घरच्या घरी निगा

वाशीम जिल्ह्यातील आसेगावच्या परिसरात खरिपाची शेती मुख्यत्वे पावसावर अवलंबून आहे. सोयाबीन व तूर ही येथील महत्त्वाची पिके होत. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज सोयाबीनची पेरणी करू नये, अशी शिफारस आहे. तेवढा पाऊस झाल्यावर काळ्या जमिनीत वाफसा येतो, तो मोजक्या दिवसांपुरताच. नेमक्या त्या दिवशी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर मिस्त्री येईपर्यंत पुन्हा पाऊस लागतो, अथवा ओल उडून जाते. दुरुस्तीचा खर्च शेतकरी हिशेबात धरतो; हुकलेल्या वाफशाचा खर्च मात्र कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

जुना ट्रॅक्टर म्हणजे निकामी ट्रॅक्टर नव्हे. एच.एम.टी. कारखान्याने 1971 पासून झेटर बनावटीचे ट्रॅक्टर भारतात तयार केले. तो विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने 2016 साली मंजुरी दिली. कारखाना बंद झाला तरी यंत्र शेतात राहते, आणि मग मालकाचे स्वतःचे ज्ञान हाच त्याचा मोठा आधार ठरतो. सुदैवाने जुन्या इंजिनाची रचना साधी असते. हवा, डिझेल, तेल, पाणी आणि बॅटरी या पाच गोष्टी नीट सांभाळल्या, तर पुष्कळसे बिघाड मुळातच टळतात.

हवा : उन्हाळी मशागतीत धूळ फार उडते. ही धूळ इंजिनात गेल्यास पिस्टनच्या रिंगा व लायनर झिजतात. तेलाचा एअर क्लीनर असल्यास त्याची वाटी धुळीच्या दिवसांत रोज उघडून पाहावी. तळाशी सुमारे एक सेंटिमीटर गाळ साचला असेल, तर वाटी डिझेलने धुऊन खुणेपर्यंत नवे तेल भरावे. क्लीनरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी तडकलेली नाही, याचीही खात्री करावी. नळीला चीर असेल तर क्लीनर स्वच्छ असूनही उपयोग नाही.

डिझेल : टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतील हवेतील बाष्पाचे पाणी होते व ते डिझेलात मिसळते. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिल्यास अथवा फिल्टर बदलल्यावर नळ्यांत हवा शिरते. मग इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. अशा वेळी प्रथम पहिल्या फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा आणि हातपंप मारावा. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळावा. हीच कृती दुसऱ्या फिल्टरवर व नंतर डिझेल पंपावर, याच क्रमाने करावी. नोझलमधून उडणारे डिझेल कातडी भेदून आत जाऊ शकते. म्हणून तेथे हात कदापि धरू नये.

तेल : सपाट जागी इंजिन बंद करून, थोडा वेळ थांबून, गजावर तेलाची पातळी रोज सकाळी पाहावी. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळत आहे असे समजावे व इंजिन चालवू नये. अनेक जुन्या ट्रॅक्टरांचे तासमापक बंद पडलेले असतात. अशांनी भरलेल्या डिझेलची नोंद ठेवावी. 35 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला भारी कामात तासाला सुमारे चार लिटर डिझेल लागते, म्हणजे 1000 लिटर झाले की अंदाजे 250 तास झाले. त्यावरून तेल व फिल्टर बदलण्याची वेळ पुस्तिकेप्रमाणे ठरवावी.

पाणी : रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा व कचरा काढावा. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला असता साधारण 10 ते 15 मिलिमीटर दबावा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी अंगावर येते.

बॅटरी : आतील पाणी पट्ट्यांच्या वर सुमारे एक सेंटिमीटर असावे. कमी असल्यास केवळ डिस्टिल्ड पाणी घालावे, विहिरीचे नव्हे. टोकांवरील पांढरा थर गरम पाण्याने धुऊन, टोके कोरडी करून, त्यांवर व्हॅसलीन लावावे. बॅटरी काढताना सांगाड्याला जोडलेली तार प्रथम सोडवावी.

बिघाड ओळखण्यास धूरही उपयोगी पडतो. काळा धूर सतत येत असेल, तर हवा अपुरी आहे, भार जास्त आहे किंवा नोझल खराब आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळीत आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर डिझेल नीट जळत नाही अथवा आत पाणी जात आहे. डिझेल पंपाचे जोडकाम व नोझलचा दाब ही कामे मात्र घरी करू नयेत. त्यासाठी तपासणीचे यंत्रच लागते.

एका घातक सवयीविषयी येथे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. बटन बिघडले की जमिनीवर उभे राहून पान्याने सेल्फची टोके जोडून ट्रॅक्टर सुरू केला जातो. गियर पडलेला असल्यास ट्रॅक्टर तत्काळ पुढे निघतो व मागचे चाक त्या माणसाच्या अंगावरून जाते. बटन व तार बदलण्याचा खर्च किरकोळ आहे. तो टाळू नये. तसेच रस्त्यावर ट्रॉली ओढताना दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांस जोडलेले असावेत. एकाच बाजूचा ब्रेक लागल्यास ट्रॅक्टर उलटू शकतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यात गावातील ट्रॅक्टरधारकांना एकत्र करून एका जुन्या ट्रॅक्टरवर ही सर्व कामे प्रत्यक्ष करून दाखवावीत. शेतकरी बंधूंनी एक जादा डिझेल फिल्टर, एक पंख्याचा पट्टा, दोन फ्यूज व पान्यांचा संच मृगापूर्वीच घरी आणून ठेवावा. पाऊस पडल्यावर तालुक्याच्या दुकानापुढे ताटकळण्यापेक्षा, आदल्या महिन्यातील एक सकाळ ट्रॅक्टरसाठी देणे अधिक फायद्याचे आहे.