शीड वर अडकलं, पण खाली येईल का? समजून घ्या हॅलयार्ड लॉक

नळदुर्गात बोरी नदीचं अडवलेलं पाणी लहानपणापासून पाहिलं. शिडाची छोटी होडी, म्हणजे डिंगी, मात्र पहिल्यांदा दिसली ती मुंबईत, कुलाब्याच्या किनाऱ्यावर.

हॅलयार्ड लॉक म्हणजे काय?
शीड वर चढवायचा दोर म्हणजे हॅलयार्ड. तो खाली बांधला, तर शिडाची ओढ आणि दोराची ओढ असा जवळपास दुप्पट दाब डोलकाठीवर येतो. दोर ताणला की शीडही ढिलं पडतं. लॉक शिडाला डोलकाठीच्या टोकालाच अडकवतं, मग दोरावर भार उरत नाही. लॉकमुळे शिडाची उंची ठरून जाते, म्हणून त्याचा ताण खालून कमी-जास्त करतात.

कोणतं निवडावं?
आधी तुमच्या होडीच्या वर्गाचे नियम पाहा. लेझर डिंगीचं शीड डोलकाठीवर बाहीसारखं चढतं, तिला लॉक लागत नाही. इतरांनी होडीत बसूनच सुटेल असं लॉक घ्यावं. अचानक वादळी वारा सुटला आणि शीड उतरलं नाही, तर होडी उलटू शकते.

काळजी कशी घ्याल?
- खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा.
- ग्रीस लावू नका, त्यात वाळू चिकटते.
- हुकाची झीज, तडे आणि दोराचे तुटलेले धागे तपासा.
- ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टीलचे स्क्रू असतील, तर तिथला गंज पाहा.

आणि पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच शीड दोन-तीनदा चढवून उतरवा. अडकायचंच असेल, तर ते जमिनीवर अडकू दे!