माउंट केल्यावर जुन्या फायली जातात कुठे?

समजा, सर्व्हरवर /डेटा नावाची डिरेक्टरी आहे आणि तिच्यात दहा फायली आहेत. तुम्ही नवी डिस्क त्याच डिरेक्टरीवर माउंट केलीत आणि त्या दहाही दिसेनाशा झाल्या. घाबरू नका. त्या पुसल्या गेलेल्या नाहीत, नुसत्या झाकल्या गेल्यात.

लिनक्सचा कर्नल पाथ एका दमात वाचत नाही, एकेक टप्पा घेत जातो. प्रत्येक टप्प्यावर तो बघतो, इथे काही माउंट केलंय का? असेल, तर मेमरीतल्या माउंटच्या तक्त्यात शोधून तो थेट त्या फाइलसिस्टिमच्या रूट डिरेक्टरीत जातो. खालच्या जुन्या फायलींना तो हातही लावत नाही. अनमाउंट केलं की त्या जशाच्या तशा परत दिसतात.

आता उलट बाजूने विचार करा. रीबूटनंतर डिस्क माउंटच झाली नाही तर? /डेटा साधी डिरेक्टरी म्हणून तिथेच असते. तिथे लिहायची परवानगी असेल, तर तुमचा प्रयोग एकही एरर न देता सिस्टिमच्या डिस्कवर लिहीत राहतो. ती भरली की सगळ्यांचंच काम अडतं. आणि नंतर कुणी डिस्क माउंट केली, की रात्रभराचे निकाल तिच्याखाली झाकले जातात.

म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच 'माउंटपॉइंट' ही कमांड चालवा आणि डिस्क माउंट नसेल तर तिथेच थांबा. निकाल गायब दिसले, तर प्रयोग पुन्हा चालवण्याआधी एकदा अनमाउंट करून खाली बघा.