दोघांच्या दोन मोटारसायकली आणि 'योग्य किंमत' नावाचा प्रश्न

विषय ऐकून काहींना गंमत वाटली असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने मोटारसायकलीच्या खरेदीवर काय बोलायचे? पण 'अमुक वस्तूची योग्य किंमत कोणती' हा प्रश्न फार जुना आहे, आणि तो पोथीपेक्षा शोरूमच्या काउंटरवर जास्त बोचतो. त्यातून आज आपण उदाहरण घेतले आहे ते नवराबायकोचे. दोघेही नोकरी करतात, दोघांच्या कामाच्या दिशा वेगळ्या आणि दोघांनाही मोटारसायकल हवी आहे. एक नव्हे, दोन. पैसा मात्र एकाच घरातला. आता हा सौदा नीट कसा करायचा, ते पायरीपायरीने बघू.

आधी थोडा इतिहास, कारण आपल्या डोक्यातल्या पुष्कळ समजुती तिथून आल्या आहेत. आमच्या पिढीला सौदा हा शब्दच माहीत नव्हता. बजाज चेतकसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसायचे आणि नंबर आला की पेढे वाटायचे. घासाघीस कुठली, गाडी मिळाली हेच नशीब. १९८४-८५च्या सुमारास जपानी कंपन्यांशी हातमिळवणी झाली, हिरो होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १०० अशा गाड्या आल्या आणि हळूहळू पारडे फिरले. आज विकणारे पुष्कळ आहेत, रांग गिऱ्हाइकाची नाही. तरीही आपण शोरूममध्ये शिरतो ते जुन्याच भावनेने, जणू समोरचा आपल्यावर उपकार करणार आहे. ही भावना दाराबाहेर चपलांपाशी ठेवावी.

आता किंमत. कोटेशनच्या कागदावर एक लांबलचक यादी असते आणि खाली एक मोठा आकडा, 'ऑन-रोड'. बहुतेक जण त्या शेवटच्या आकड्याशी भांडतात. 'साहेब, थोडं कमी करा.' साहेब हजार रुपये कमी करतात आणि आपण खूश होऊन घरी येतो. हे चुकीचे आहे, कारण त्या यादीतल्या सगळ्या ओळी एका जातीच्या नसतात. आपण त्यांचे तीन गट पाडू.

पहिला गट न हलणाऱ्या ओळींचा. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते, तिच्यात जीएसटी धरलेला असतो. राज्याचा रस्ता कर आणि नोंदणीचे शुल्क सरकारी. आणि तिसरा, थर्ड पार्टी विमा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, आणि त्याचा हप्ता सरकार ठरवते. २०२२मध्ये जाहीर झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचे ३,८५१ रुपये आणि १५० ते ३५० सीसीच्या गाडीला ७,३६५ रुपये होते, वर कर वेगळा. या ओळींवर डोकेफोड करू नये. डीलरच्या हातात तिथे काही नाही.

पण 'हलत नाही' याचा अर्थ 'विचार करायचा नाही' असा नव्हे. या ओळी गाडी निवडतानाच ठरतात. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्यावरच्या गाड्यांना आधी उपकर धरून ३१ टक्के होता, तो ४० झाला. म्हणजे करापूर्वी शंभर रुपयांची वस्तू एका बाजूला १२८ची ११८ला आली आणि दुसऱ्या बाजूला १३१ची १४०वर गेली. ३४९ सीसीची गाडी आणि साडेचारशे सीसीची गाडी यांच्यात आता नुसत्या ताकदीचा फरक राहिलेला नाही. दोन गाड्या घेणाऱ्याला तो फरक दोनदा मोजावा लागतो. तेव्हा घासाघीस करून जे वाचते त्याच्या कितीतरी पट आपण योग्य सीसी निवडून वाचवतो.

दुसरा गट हलणाऱ्या ओळींचा. इथे खरी बोलणी. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीज आणि कर्ज. नुसती गाडी विकून डीलरच्या हाती फार उरत नाही, त्याची कमाई या जोडधंद्यांत असते. म्हणून सवलतही तिथूनच निघते. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. बाहेरून एक कोटेशन काढावे आणि समोर ठेवावे. तुलना करताना 'आयडीव्ही', म्हणजे गाडी चोरीला गेली तर मिळणारी रक्कम, दोन्हीकडे सारखी आहे ना ते बघावे. ती कमी करून हप्ता स्वस्त दाखवणे फार सोपे असते.

ॲक्सेसरीजचे तसेच. 'किट घ्यावंच लागतं' असे सांगतात. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३वा नियम आहे. मागे बसणाऱ्यासाठी धरायची सोय, पाय ठेवायची जागा आणि मागचे चाक निदान अर्धे झाकेल असे संरक्षण, ज्याला आपण साडी गार्ड म्हणतो, या गोष्टी गाडीला असल्याच पाहिजेत. त्याच नियमांत १३८व्या नियमाखाली दुचाकीच्या खरेदीबरोबर हेल्मेट देण्याची तरतूद आहे. म्हणजे जे नियमाने मिळायला हवे तेच किट म्हणून विकले जात आहे का, हे आधी विचारावे. शांतपणे, आवाज न चढवता. नियमाचा क्रमांक माहीत असला की आवाज चढवावा लागत नाही.

तिसरा गट पुसता येणाऱ्या ओळींचा. हँडलिंग चार्जेस, फाइल चार्जेस, लॉजिस्टिक्स. 'ही रक्कम कुणाकडे जमा होते आणि तिची पावती कोण देणार?' एवढाच प्रश्न विचारायचा. ज्याची सरकारी पावती नाही, ते शुल्क सरकारी नाही. दोन गाड्या असल्या की या ओळी दोनदा येतात, आणि बहुतेक वेळा सगळ्यांत आधी त्याच पुसल्या जातात.

आता कर्ज, कारण सगळ्यांत जास्त पैसा निसटतो तो इथे. 'फक्त नऊ टक्के फ्लॅट' असे ऐकले की गोड वाटते. हिशोब करू. समजा एक लाख रुपये तीन वर्षांसाठी घेतले. फ्लॅट नऊ टक्के म्हणजे वर्षाला ९,००० प्रमाणे २७,००० व्याज. १,२७,००० भागिले ३६, म्हणजे महिन्याचा हप्ता साधारण ३,५२८ रुपये. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो ना? दुसऱ्या वर्षी आपल्याकडे लाख रुपये उरलेलेच नसतात, व्याज मात्र पूर्ण लाखावर चालूच. घटत्या शिलकीवर मोजले तर हाच दर सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास पडतो. १ ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किरकोळ कर्ज देताना 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' द्यावे लागते, आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक टक्केवारी दर लिहिलेला असतो. दोन ठिकाणचे तेच दर शेजारी ठेवून बघावेत. हप्त्याच्या रकमेवरून काहीच कळत नाही, मुदत वाढवली की हप्ता आपोआप लहान दिसतो.

दोन गाड्यांचे आणखी एक. हाताशी निम्मी रक्कम रोख असेल तर दोन्ही गाड्यांवर अर्धे अर्धे कर्ज काढू नये. एक गाडी रोखीने घ्यावी आणि दुसरीवर कर्ज. व्याज साधारण तेच, पण प्रक्रिया शुल्क एकदाच आणि बोजाची नोंदही एकाच आरसीवर.

आता बोलणी कशी करायची? न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण मानले आहे, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. ज्याला खरे माहीत आहे आणि जसे आहे तसे सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. सेल्समनला माहिती असते, पण त्याच्यापुढे महिन्याचे टार्गेट उभे असते. तो वाईट माणूस आहे असे नाही, त्या घटकेला तो आप्त नाही इतकेच. म्हणून त्याचे प्रत्येक वाक्य कागदावर घ्यावे. तारीख, सही, शिक्का. तोंडी सवलत डिलिव्हरीच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

दोन गाड्या घेणार आहोत हे पहिल्या मिनिटाला सांगायचे का? आमचे मत असे की नाही. आधी एका गाडीचे पूर्ण, लेखी कोटेशन दोन-तीन शोरूममधून घ्यावे. मग म्हणावे, 'अशा दोन एकदम घेतल्या तर काय कराल?' ही लबाडी झाली का? कांट खोटे बोलण्याला कुठेच माफी देत नाही, पण खोटे न बोलणे आणि सगळेच बोलून टाकणे यांत तोही फरक करतो. 'दुसरीकडे वीस हजार कमी सांगितलेत' असे बनवून सांगणे मात्र खोटेच, आणि ते टिकतही नाही. त्या धंद्यात बाजारभाव एकमेकांना ठाऊक असतात.

वेळही बघावी. महिनाअखेर, मार्चअखेर आणि डिसेंबर. डिसेंबरात सवलत दिसते, पण आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते आणि पुढे गाडी विकताना तेच पाहिले जाते. चार-पाच वर्षांत बदलणार असाल तर ही सवलत नीट तोलावी, पंधरा वर्षे वापरणार असाल तर खुशाल घ्यावी. पाडवा आणि दसऱ्याला मात्र गर्दी इतकी की तुम्हाला कोण विचारतो? आपल्याकडे पितृपंधरवड्यात शोरूम ओस असतात. मुहूर्त मानणाऱ्यांनी त्या पंधरा दिवसांत नुसती बोलणी पक्की करावीत आणि गाडी घटस्थापनेला किंवा दसऱ्याला घरी आणावी. पितर काही रागावणार नाहीत.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. दोघे शोरूममध्ये गेले की पुष्कळदा काय होते? सेल्समन नवऱ्याशी बोलतो आणि बायकोला म्हणतो, 'मॅडम, तुमच्यासाठी स्कूटर दाखवू?' तिला मोटारसायकल हवी असते. मग ती संकोचते, नवरा तिच्या वतीने बोलू लागतो, आणि गाडी ठरते ती त्याच्या पसंतीची. सहा महिन्यांनी ती गाडी अंगणात उभी. पाय नीट टेकत नाहीत, गाडी जड वाटते, गर्दीत भीती बसते. दहा हजार वाचवून घेतलेली आणि न चालवलेली गाडी ही जगातली सगळ्यांत महाग गाडी. म्हणून जी चालवणार तिनेच टेस्ट राइड घ्यावी. सीटची उंची, वजन, क्लचचा जोर हे प्रत्यक्षानेच कळते, तिथे नवऱ्याचा शब्दही प्रमाण नाही. आणि जिची गाडी, तिच्या गाडीची बोलणीही तिनेच करावीत.

दुसरे, नाव. 'दोन्ही माझ्याच नावावर घेऊ, कागदपत्रं सोपी पडतील' असे सहज म्हटले जाते. जरा थांबा. मालक-चालकासाठी पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. एका माणसाच्या दोन गाड्या असल्या तर ते एकदाच घेतले तरी चालते, म्हणून काही रुपये वाचतात. पण ते संरक्षण मालकाचे आहे, वैध लायसन्स असलेल्या मालकाचे. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि रोज चालवते बायको, अशा वेळी तिला अपघात झाला तर त्या पंधरा लाखांवर तिचा हक्क नाही. वाचले किती, तर काही शे रुपये. उघड्यावर कोण राहिले? जी रोज हायवेने कामाला जाते ती. ज्याची गाडी त्याच्या नावावर, आणि ज्याची त्याची पॉलिसी. याला पर्याय नाही.

आणि निघण्यापूर्वी घरीच दोन गोष्टी ठरवाव्यात. दोन्ही गाड्या मिळून कमाल रक्कम किती, आणि 'आज नको' म्हणण्याचा अधिकार दोघांनाही. एकाने तो वापरला तर दुसऱ्याने तिथेच हुज्जत घालायची नाही, बाहेर येऊन चहा घ्यायचा. ज्याला उठून जाता येते त्याचाच सौदा चांगला होतो.

समोरून चिठ्ठी आली आहे : 'जुनी गाडी एक्स्चेंजला द्यावी का?' द्यावी, पण नंतर. आधी नव्या गाडीचा भाव लेखी घ्या, बाहेर जुनीची किंमत काढा आणि मग एक्स्चेंजचे बोला. दोन्ही हिशोब एकत्र झाले की एका खिशात घातलेले दुसऱ्यातून जाते. आणि जुनी गाडी दिल्यावर आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याचा कागद मागून घ्या, तोवर ती कायद्याने तुमचीच असते.

तर मग योग्य किंमत कोणती? जिचा प्रत्येक रुपया कशासाठी गेला हे आपल्याला सांगता येते, जी देताना आपण खोटे बोललो नाही आणि जी देऊन घेतलेली वस्तू रोज वापरात राहते, ती किंमत योग्य. शेजाऱ्याला दोन हजार स्वस्त मिळाली असेल, मिळू दे. डिलिव्हरीच्या दिवशी चॅसिस नंबर बिलाशी ताडून बघा, चार हेल्मेट घ्या, कारण कधी तिच्या मागे तो बसेल आणि कधी त्याच्या मागे ती. आणि सावकाश चालवा.